मु. पो. बँकॉक

बँकॉकमध्ये राहणाऱ्या परदेशी लोकांची एक तक्रार इतिहासात नोंदलेली आहे, ती १८६१ सालची. निरनिराळ्या देशांच्या वकिलातींनी मिळून सयामच्या राजाला, म्हणजे चौथा राम मोंगकुट याला, अर्ज केला. आम्हाला संध्याकाळी घोडागाडीतून हवा खायला जायची सवय आहे. तुमच्या शहरात गाडी जाईल असा रस्ताच नाही. त्यामुळे आमच्या प्रकृती बिघडतात. शहराचं तोवर रस्त्यांवाचून फारसं काही अडलं नव्हतं. बाजार होडीत, वऱ्हाड होडीत, भिक्षेला निघालेले भिक्खूही होडीत. ‘मग तुम्हीही होडीत बसा’ असं म्हणायची राजाला सोय होती. पण राजा भला निघाला. १८६२ मध्ये काम सुरू झालं, १८६४ मध्ये चरोन क्रुंग नावाचा रस्ता तयार झाला, आणि तो अजून आहे. संध्याकाळी त्यावरून जाताना आजही मोटारीला घोड्याच्या पुढे जाता येत नाही, तो भाग वेगळा.

परदेशी माणसाच्या कुरकुरीतून अख्खा रस्ता निघाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. तेव्हापासून आम्ही मंडळी आशेवर आहोत. बँकॉकमधले दोन परदेशी एकत्र आले की चहा येण्याआधी तक्रार येते. उकाडा, रहदारी, व्हिसा, चीजचे भाव. मराठी असतील तर यादीत बाजरीचं पीठ.

ज्या वर्षी त्या रस्त्याचं काम सुरू झालं त्याच वर्षी राजाच्या मुलांना इंग्रजी शिकवायला एक बाई बँकॉकला येऊन उतरली. अ‍ॅना लिओनोवेन्स. तिच्यावरून पुढे ‘द किंग अँड आय’ हे संगीत नाटक निघालं, १९५६ मध्ये सिनेमा निघाला, आणि थायलंडनं त्या सिनेमावर बंदी घातली. आपण वेल्समध्ये जन्मलो असं बाई सांगायची, आणि जगानं ते बराच काळ खरं मानलं. पुढे अभ्यासकांनी जुने कागद उपसले तेव्हा निघालं की बाईंचा जन्म १८३१ चा, आपल्या अहमदनगरचा, आणि लग्न १८४९ मध्ये पुण्यात लागलेलं. बँकॉकला आल्यावर तिनं मुद्दा काढला तो घराचा. कबूल केल्याप्रमाणे मला राजवाड्याच्या भिंतीबाहेर स्वतंत्र घर हवं. ते मिळेपर्यंत तिनं दरबाराला कसं दमवलं याची हकिगत तिनंच आपल्या पुस्तकात लिहिली आहे. त्या पुस्तकातल्या बऱ्याच गोष्टींवर इतिहासकारांचा विश्वास नाही. घराच्या भांडणावर माझा आहे. नगरकडची बाई, ठरलेल्या गोष्टीवरून हटायची नाही.

मला कुठल्या राजानं बोलावलेलं नाही. नवऱ्याच्या कंपनीनं नवऱ्याला बोलावलं आणि मी माझं भाषांतराचं काम लॅपटॉपमध्ये घालून मागोमाग आले. घर मिळालं, चांगलं मिळालं, गॅलरीसकट मिळालं. अडचण राहिली ती पत्त्याची.

तसा पत्ता सुरू होतो भारदस्त. या शहराचं संपूर्ण थाई नाव रोमन लिपीत १६८ अक्षरांचं होतं, आणि त्यात इंद्र आहे, विश्वकर्मा आहे, अयोध्या आहे. इंद्राच्या आज्ञेनं विश्वकर्म्यानं उभारलेल्या या नगरीत कुरियरवाल्याला आमचं घर सापडत नाही. कारण घर शहरात नसतंच, ते सॉयमध्ये असतं. सॉय म्हणजे गल्ली. पण आपण गल्ली म्हणतो तेव्हा ती कुठून तरी येऊन कुठे तरी जाते हे गृहीत धरतो. सॉय जात नाही. मोठ्या रस्त्यावरून ती आत शिरते, पाच-सातशे मीटर चालते, आणि एका भिंतीपाशी येऊन गप्प उभी राहते. पूर्वी इथे कालवे होते आणि कालव्यांना काटकोनात भातशेतीच्या लांब अरुंद पट्ट्या होत्या. कित्येक कालवे बुजले, त्यांचे रस्ते झाले. शेतं विकली गेली, आणि ज्यानं त्यानं आपापल्या पट्टीतून वाट काढली. शेजारच्या पट्टीवाल्याशी जोडून घ्यायचं कुणाच्याच मनात आलं नाही. (भावकीचा अनुभव असलेल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही.) त्यामुळे नकाशात हे शहर माशाच्या काट्यासारखं दिसतं, मधे एक कणा आणि दोन्ही बाजूंना कुठेच न पोचणाऱ्या काड्या.

आमचा कणा सुखुमवित. हा रस्ता बँकॉकमधून निघतो आणि समुद्राच्या कडेकडेनं थेट कंबोडियाच्या हद्दीवर जाऊन थांबतो. त्याला महामार्ग खात्याच्या एका माजी प्रमुखाचं नाव दिलेलं आहे. आपल्याकडे रस्त्यांना पुढाऱ्यांची नावं असतात. इथे खड्डा लागला तर निदान योग्य माणसाची आठवण निघते. सुखुमवितच्या एका हाताला विषम आकड्यांच्या सॉय आणि दुसऱ्या हाताला सम. पण एका बाजूला पट्ट्या जास्त निघाल्या, दुसऱ्या बाजूला कमी, आणि दोन्हीकडचे आकडे एकमेकांची वाट न बघता पुढे गेले. एक्कमाई स्टेशनापाशी ६३ नंबरच्या सॉयच्या समोर ४२ नंबर येतो. नवीन माणूस ६३ च्या तोंडाशी उभा राहून समोर ६४ शोधतो. सॉयच्या आत पुन्हा पोटसॉय, पोटसॉयमध्ये घरं, आणि घरांच्या आकड्यांत तिरप्या रेघा. हे घरक्रमांकही ओळीनं लागतील अशी अपेक्षा ठेवू नये. बाराच्या शेजारी एकशे चाळीस असतो आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून एक शाळा आहे. सकाळी आठला तिथे झेंडा चढतो आणि राष्ट्रगीत होतं, ते मला स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू येतं. एका पोराचा सूर कायम वर लागतो, तोही मी ओळखते. पण त्या शाळेच्या दारात जायचं तर आधी आमच्या सॉयमधून बाहेर, मग मोठ्या रस्त्यानं पुढे, मग त्यांच्या सॉयमधून आत. अर्धा तास सहज. मिरजेला आमच्या घराचा पत्ता ‘मारुतीच्या देवळामागे, गिरणीशेजारी’ एवढाच होता आणि पोस्टमन कधी चुकला नाही. इथे मी ‘शाळेमागे’ म्हटलं तर पाहुणा शाळेच्या पुढच्या दारात उभा राहून मला फोन करतो, मला तो गॅलरीतून जवळजवळ दिसतो, आणि त्याला जेवायला यायला चाळीस मिनिटं लागतात.

या घोळावर शहरानं काढलेला उपाय नारिंगी रंगाचा आहे. प्रत्येक मोठ्या सॉयच्या तोंडाशी मोटारसायकलवाल्यांचा अड्डा असतो, त्याला म्हणतात विन. नारिंगी जाकिटं, पाठीवर आकडा, आणि सावलीला बाकडं. बाकड्यावर सोडावॉटरच्या बाटल्यांच्या झाकणांनी मांडलेला सोंगट्यांचा डाव. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हा धंदा सुरू झाला तो याच कारणानं: बस मोठ्या रस्त्यावर सोडते, घर राहतं सॉयच्या पोटात, आणि मधलं अंतर उन्हात चालवत नाही. हे लोक बहुतेक इसानचे, म्हणजे ईशान्येकडच्या कोरडवाहू मुलखातले. शेती भावाकडे टाकून शहरात आलेले. बायका त्यांच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसतात. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात फोन, आणि धरायला काही नाही. मी पहिल्यांदा बसले तेव्हा दोन्ही हातांनी मागची कडी धरली होती आणि तोंडानं रामरक्षा. आता मीही मेथीची जुडी मांडीवर घेऊन निवांत बसते. कडीला हात लावला तर नऊ नंबरला अपमान वाटतो.

नऊ नंबर म्हणजे आमचा नेहमीचा. त्याचं नाव मला ठाऊक आहे, पण ते खरं नाव नव्हे. इथे खरं नाव कागदासाठी राखून ठेवलेलं असतं. ते लांबलचक आणि बहुधा संस्कृत वळणाचं असतं, आणि रोजच्या वापराला एक छोटं नाव असतं. त्या छोट्या नावांत पक्षी येतात, डुक्कर येतं, बिअर येते, बँक येते, बेंझसुद्धा येते. ऑफिसात बेंझ नावाचा माणूस बसनं येतो. आपल्याकडे बंड्या चाळिशीतही बंड्याच राहतो, तसा प्रकार; फरक इतकाच की आपला बंड्या पाहुण्यांसमोर लाजतो.

तर सरकार आणि विन, या दोघांनाही माझा पत्ता हवा असतो. सरकारची रीत साधी आहे. १९७९ च्या कायद्याप्रमाणे इथे सलग राहणाऱ्या परदेशी माणसानं दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवायचा असतो. बदलला असेल तरी आणि नसेल तरी. घरमालकानंही परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत वर्दी द्यायची असते. मला या नियमात एक प्रकारची काळजी दिसते. आपल्या देशात मी दहा वर्षं एका पत्त्यावर राहिले आणि सरकारनं एकदाही विचारलं नाही, आहेस ना गं अजून तिथेच? मी फॉर्म भरते, सही करते, आणि पुढची तारीख असलेली चिठ्ठी पासपोर्टात ठेवते. त्या चिठ्ठीवर वर्ष पंचवीसशे साठच्या पुढचं कुठलं तरी असतं, कारण इथली कालगणना बुद्धाच्या निर्वाणापासून चालते आणि आपल्या सनाच्या ५४३ वर्षं पुढे असते. भविष्यातल्या सरकारला वर्तमानातला पत्ता कळवल्याचं समाधान दर तिमाहीला मिळतं.

विनला मात्र ९० दिवस धीर धरवत नाही. माझा दिवा रात्री उशिरापर्यंत जळत होता, हे नऊ नंबरला सकाळी माहीत असतं. नवरा चार दिवस दिसला नाही तर पाच नंबर हाताचं विमान करून भुवया वर करतो. मी मान हलवते, ‘सिंगापूर’ म्हणते, आणि बाकड्यावर ती बातमी फिरते. कुरियरवाले फोन करतच नाहीत, पार्सल विनवर ठेवून जातात. त्यामुळे पुस्तकं मागवली की चप्पल, हे मला कळण्याआधी सॉयला वजनावरून कळलेलं असतं. जानेवारी २०२० मध्ये मोठ्या दुकानांनी प्लास्टिकच्या पिशव्या देणं बंद केलं, तेव्हा इथले लोक ढकलगाड्या, बादल्या, मासे धरायची जाळी घेऊन खरेदीला गेले आणि त्यांचे फोटो देशभर गाजले. लोक त्याला विनोद म्हणाले. मला त्यात सॉयमधल्या माणसाचा सरळ हिशेब दिसतो: पिशवी असली काय नि नसली काय, काय आणलं ते सगळ्यांना दिसणारच आहे, मग ढकलगाडीतूनच का नेऊ नये?

खाण्याचा विषय निघालाच आहे. मी शाकाहारी. या वाक्याचं थाई भाषांतर पाठ करून मी आले होते आणि ते बिनचूक होतं. सॉयच्या तोंडाशी सोम तामवाली मावशी बसते. मडक्याच्या खलात कच्ची पपई, शेंगदाणे, मिरच्या, लसूण, लिंबू, ताडगूळ घालून लाकडी मुसळानं कुटते. त्या आवाजानंच तोंडाला पाणी सुटतं. मी वाक्य म्हटलं. तिनं मान डोलावली आणि सुकट उचलली. मी सुकट नको म्हटलं. तिनं सुकट ठेवली आणि नाम प्लाची बाटली उचलली. नाम प्ला म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेलं पाणी, आणि तिच्या लेखी तो मासा नव्हेच, ते मीठ. मी तेही नको म्हटल्यावर तिनं मुसळ खाली ठेवलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला डॉक्टरकडे जाऊन आल्यागत वाटलं. अळणी खायची शिक्षा हिला कुणी दिली असावी? मग तिनं विनवरून पाच नंबरला दुकानात पिटाळलं, सोयाबीनच्या सॉसची बाटली मागवली, आणि ती माझ्या नावानं वेगळी ठेवली. बाटलीवर खडूनं काहीतरी खूणही केली. त्या दिवसापासून सॉयमध्ये माझी ओळख ठरली: नाम प्ला न खाणारी.

वर्षातून नऊ दिवस मात्र मावशी माझ्या बाजूला येते. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, साधारण आपल्या नवरात्राच्या आगेमागे, इथे ‘जे’ पाळतात. गाड्यागाड्यांवर पिवळ्या पताका लागतात, त्यावर लाल अक्षरं, आणि त्या पताकेखाली मांस नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत, नाम प्लाही नाही. मी पहिल्या वर्षी हरखून गेले, पहिला घास घेतला आणि लक्षात आलं की कांदा-लसूणही नाही. माझी आजी चातुर्मासात कांदा-लसूण सोडायची, पण त्याआधी कांदेनवमीला भजी, थालीपीठ, भरले कांदे असा कांद्याचा यथास्थित निरोप समारंभ व्हायचा. इथे तशी सोय नाही. एकदम पताकाच लागतात. शिवाय दूधही वर्ज्य. म्हणजे अन्न जमलं आणि चहा गेला. दहाव्या दिवशी पताका उतरल्या की मावशी माझी बाटली पुन्हा पुढे आणते आणि खलात चार पाकळ्या लसूण जास्त टाकते.

हिंग, तूरडाळ आणि वर सांगितलेलं बाजरीचं पीठ यांच्या शोधात फाहुरातकडे जावं लागतं. तो जुन्या शहरातला कापडबाजार. शिखांचा मोठा गुरुद्वारा तिथेच आहे. तिकडे जाताना मी रस्ता टाळते आणि बराचसा प्रवास सॅन सॅप कालव्यातल्या बोटीनं करते. हा कालवा १८३७ ते १८४० मध्ये खणला तो कंबोडियाकडच्या लढाईला सैन्य आणि रसद न्यायला. आता त्यातून कारकून जातात, पण चढाईचा आवेश कायम आहे. बोट धक्क्याला पुरती टेकत नाही. टेकल्यासारखं करते, तेवढ्यात उडी मारायची. कंडक्टर हेल्मेट घालून बोटीच्या काठावरून चालत तिकिटं देतो, कारण पूल ठेंगणे आहेत. समोरून दुसरी बोट आली की काठाला बसलेल्यांनी दोरी ओढून ताडपत्री वर करायची, म्हणजे कालव्याचं पाणी अंगावर येत नाही. ते पाणी काळं आहे आणि त्याच्याबद्दल याहून जास्त लिहिणं बरं नाही. माझ्या शेजारी सूट घातलेला एखादा युरोपियन एका हातानं दोरी ओढत उभा असतो. रस्ता हवा म्हणून अर्ज करणाऱ्यांचे वारस रस्ता तुंबला म्हणून होडीत बसले आहेत, हे मोंगकुट राजाला कळायला हवं होतं.

आमच्या इमारतीत सगळ्यांत चांगला पत्ता माझा नाही, आमच्या मालकिणीचाही नाही. आवाराच्या कोपऱ्यात एका खांबावर टुमदार घर आहे, कौलं सोनेरी, पुढे अंगण, अंगणात मातीचे नोकरचाकर. ते जागेच्या देवाचं. जमीन त्याची, आपण इमारत बांधून त्याची गैरसोय केली, तेव्हा त्याची सोय आधी बघायची. इमारतीची सावलीसुद्धा त्याच्या छपरावर पडू नये असा दंडक आहे, आणि बिल्डरलोक तो पाळतात. रोज सकाळी झाडलोट करणारी मावशी त्याच्यापुढे झेंडूची माळ, उदबत्ती आणि लाल फँटाची बाटली ठेवते. बाटलीचं झाकण काढून, स्ट्रॉ घालून. मला ती स्ट्रॉ फार आवडते. आपण नैवेद्य दाखवतो, पाणी फिरवतो, डोळे मिटतो, आणि देव तो कसा खाणार याची चिंता देवावर सोडतो. इथे बाटलीतून पिताना सांडेल, हा विचार कुणीतरी केला आहे. भाडेकरारावर या देवाची सही नसते, पण नवे भाडेकरू सामान चढवण्याआधी त्याला हात जोडतात. मीही जोडले.

पावसाचंही थोडं. शहर समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटर उंच. कागदावर उंच, एरवी नाही. मे ते ऑक्टोबर दुपार कलली की आभाळ भरतं आणि तासाभरात सॉयचा पुन्हा कालवा होतो. बायका चपला हातात घेतात, विनवाले मेणकापडाचे झगे चढवतात, दुकानाच्या दारात झोपलेली कुत्री एक पायरी वर सरकतात. ही कुत्री कुणाची नसतात आणि सगळ्यांची असतात. डिसेंबरात पारा विशीच्या जवळ आला की कुणीतरी त्यांना टी-शर्ट घालतं. आमच्या सॉयमधल्या एकाच्या अंगावर गेल्या थंडीत एका विमा कंपनीची जाहिरात होती.

एप्रिलच्या तेरा तारखेला सोंगक्रान लागतो, म्हणजे इथलं नवं वर्ष. पर्यटक पाण्याच्या पिचकाऱ्या घेऊन सिलोमला लोटतात. आमच्या सॉयमध्ये त्या दिवसांत शुकशुकाट असतो. विन रिकामी, मावशीच्या गाडीवर ताडपत्री, फळवाल्याची काचेची पेटी भिंतीकडे तोंड करून उभी. सगळा इसान इसानला गेलेला. पहिल्या वर्षी मला वाटलं, चला, चार दिवस कुणी बघणारं नाही. दिवा किती वाजेपर्यंत जाळते ते माझी मी ठरवीन. दुसऱ्या दिवशी कुरियर आलं. त्याला सॉय सापडली, घर सापडेना, आणि विचारायला कुणी नव्हतं. फोनवर मी त्याला आकडा सांगितला, तिरपी रेघ सांगितली, शाळा सांगितली. तो शाळेच्या पुढच्या दारात गेला. पार्सल परत गेलं. सरकारी नोंदीत माझा पत्ता तेव्हा अगदी ताजा होता.

मध्यंतरी आई येऊन राहिली. तिला थाई येत नाही, इंग्रजी बेताचं. ती सगळ्यांशी मराठीत बोलली आणि कुठेही अडलं नाही. इथेही अनोळखी माणसाला नात्यानंच हाक मारतात: वयानं मोठा तो ‘पी’, धाकटा तो ‘नाँग’, मावशीच्या वयाची ती ‘पा’, काकाच्या वयाचा तो ‘लुंग’. विचारपूस आधी, धंदा मग. आईला यात नवल काहीच वाटलं नाही. माणसं याहून वेगळी वागतात हेच तिला ठाऊक नाही. ती फळवाल्याशी पेरूवरून बोलली, तो कैरीवरून बोलला, आणि तिखट-मिठाच्या पुडीवर दोघांचं एकमत झालं. सोम तामवाल्या मावशीपाशी तर ती रोज अर्धा तास पाटावर बसायची. दोघी बोलायच्या, दोघी मान हलवायच्या. ‘तिच्या धाकटीचं लग्न ठरत नाहीये,’ आईनं मला सांगितलं. मी हसले. ‘तुला कसं कळलं?’ तर म्हणाली, ‘न कळायला काय झालं?’ पुढे महिन्याभरानं मावशीनं लाडू वाटावेत तशी केळीच्या पानातली गोड भाताची पुडकी वाटली आणि फोनवर धाकटीच्या साखरपुड्याचा फोटो दाखवला. फोटो मला दाखवून ती म्हणाली, आईला पाठव.

गेल्या महिन्यात ठाण्याचं एक जोडपं बदली होऊन आलं. ओळखीतून ओळख निघाली, जेवायला बोलावलं. मुलीनं आदल्या दिवशी फोन केला: लोकेशन पाठवाल का? मी म्हटलं, लोकेशन पाठवलं तर तू शाळेच्या दारात जाशील. सॉयच्या तोंडाशी उतर, नारिंगी जाकिटातला नऊ नंबर शोध, आणि त्याला ‘माय नाम प्ला’ असं म्हण. म्हणजे ‘नाम प्ला नाही’. बाकी त्याचं तो बघेल.

‘एवढंच?’

‘एवढंच.’

दोघं वेळेवर आली. नऊ नंबरच्या गाडीवर ती, पाच नंबरच्या गाडीवर तो, आणि त्याच्या मांडीवर माझी दोन पार्सलं. दार उघडल्यावर मुलगी आधी हसली आणि मग जरा गोंधळून म्हणाली, ‘त्या नऊ नंबरनं तुमच्यासाठी काहीतरी निरोप दिलाय. आम्हाला भाषा कळली नाही, पण त्यानं वर तुमच्या गॅलरीकडे बोट दाखवलं, मग आभाळाकडे, आणि मग असे दोन्ही हातांनी कपडे गोळा केल्यासारखे केले.’

पाहुण्यांना दारातच पार्सलांसकट उभं करून मी गॅलरीकडे धावले.